दुसरं गाढव

“त्येला काय झालंय? ते चांगलं हाय की. ह्येला न्या.”

कृष्णाकाठच्या एका वीटभट्टीवर, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर कानावर पडलेलं हे वाक्य. भट्टीचा हंगाम संपत आला होता. कच्च्या विटांच्या थप्प्यांवर प्लास्टिकचे कागद ओढून झाले होते आणि ओल्या राखेचा आंबूस वास सगळीकडे साचला होता. कडेला दोन गाढविणी उभ्या. एकीच्या पुढच्या पायात नायलॉनच्या दोरीचा पायबंद मांसात रुतलेला, जखमेत अळ्या पडलेल्या. तिला न्यायला एका संस्थेचा टेम्पो आला होता. दुसरी धडधाकट. ‘हिचं काय करायचं’ असं कुणीतरी विचारलं, त्याला हे उत्तर मिळालं, आणि ते टेम्पोतल्या पोरांनाही पटलं. जागा कमी, औषधं कमी, माणसं त्याहून कमी. आजाऱ्याला न्यायचं आणि चांगल्याला ठेवायचं हा हिशेब कुणालाही पटण्यासारखाच आहे. टेम्पो हलला तशी दुसरी मागोमाग डांबरी रस्त्यापर्यंत आली आणि वळणावर थांबली. त्या दिवशी तिथंच, दुसऱ्या दिवशी तिथंच, तिसऱ्या दिवशीही. वळणावरच्या टपरीवाल्यानं भाकरी टाकली, ती तिनं हुंगली आणि सोडून दिली. ‘लई गुणाचं जनावर, जागचं हलत न्हाई,’ असं तो चहाला येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकानं सांगत होता. चौथ्या दिवशी ती बसली. डॉक्टरांनी मानेतून रक्त काढून नळी उभी करून ठेवली. रक्त खाली बसल्यावर वर फिकट गवती रंगाचं स्वच्छ पाणी यायला हवं. ते ताकासारखं पांढरट आलं. पाचव्या दिवशी पहाटे ती गेली.

जखमवाली जगली.

त्या पांढऱ्या पाण्याला डॉक्टर हायपरलिपिमिया म्हणतात. गाढव हे मुळात आफ्रिकेतल्या कोरड्या, खुरट्या माळांवरचं जनावर. मिळेल तेव्हा खायचं आणि चरबी साठवून ठेवायची ही त्याच्या अंगाची रीत. खाणं बंद झालं की शरीर ती साठवण मोडायला काढतं. इथपर्यंत सगळं ठीक. पण गाढवाच्या अंगात ही साठवण एकदा वाहायला लागली की तिला बांध घालणं अवघड जातं. चरबी रक्तात उतरत राहते, यकृतात आणि मूत्रपिंडात साचते, त्यामुळे भूक आणखी मरते, आणि भूक मेली म्हणून आणखी चरबी मोडते. दोन-तीन दिवसांची उपासमार या चक्राला पुरते. लठ्ठ जनावर आणि गाभण गाढवीण यांना धोका सगळ्यात जास्त. निमित्त काहीही चालतं: दाढ दुखणं, लांबचा प्रवास, चाऱ्यातला अचानक बदल, दुसऱ्या कुठल्या आजाराचा ताप. किंवा जोडीदार नाहीसा होणं. उपचारात सलाईनमधून ग्लुकोज, नाकातून नळीनं पातळ आहार, आणि शिवाय ते तोंड लावेल ते काहीही. या आजारात पथ्य नसतं. मेथीची जुडी, केळीची सालं, शेजारच्या बांधावरचं काटेरी गवत, सगळं समोर धरून बघायचं. गुळाचं पाणीही. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणणाऱ्यानं गाढवाला गूळ दिलेला नसावा.

आपल्या भाषेनं या जनावरावर फार अन्याय केलाय, आणि गंमत म्हणजे हट्टीपणाचा मूळ शब्द त्याच्यावर नाहीच. शब्द आहे अडेलतट्टू, आणि तट्टू म्हणजे घोड्याचं बुटकं भावंड. घोडा घाबरला की पळतो. गाढव घाबरलं की थांबतं, बघतं, विचार करतं. त्या थांबण्याला आपण हट्ट म्हणतो आणि पाठीत काठी घालतो. हेच थांबणं दुखण्याच्या वेळी जिवावर येतं. पोटात कळ आली की घोडा जमिनीवर लोळतो, पाय आपटतो, कुशीकडे वळून बघतो, सगळ्या गल्लीला कळतं. गाढव त्याच कळेत मान जरा खाली घालून उभं राहतं, बस्स. कान नेहमीपेक्षा थोडे बाजूला पडलेले. चाऱ्यापाशी उभं आहे, तोंड गव्हाणीत आहे, जबडाही हलतोय, पण अर्ध्या तासानं बघावं तर पेंढी तेवढीच. जाणकार माणूस म्हणून चारा आधी वजन करून टाकतो आणि नंतर उरलेला मोजतो. लीद मोजतो. मोठ्या गाढवाचं तापमान साधारण ३६.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस असतं, नाडी मिनिटाला ३६ ते ५२. घोड्याचं अंग त्याहून थोडं गरम आणि नाडी संथ. हे आकडे अदलाबदल झाले की घोटाळा होतो: ३८.२ हे घोड्याला चालून जातं, गाढवाला तो ताप आहे. औषधांचंही तसंच. दुखण्यावरची नेहमीची इंजेक्शनं गाढवाच्या अंगातून घोड्यापेक्षा लवकर निघून जातात, म्हणून घोड्याच्या हिशेबानं दिवसाला एकदा दिली तर अर्धा दिवस ते तसंच कण्हत उभं असतं. कण्हत म्हणायचं, कारण आवाज नसतोच. मानेतली शीरही स्नायूच्या जाडसर पडद्याआड असते. सुई घोड्यापेक्षा उभी धरावी लागते, नाहीतर ती कातड्याखालीच फिरत राहते.

चोवीस तास ‘गुणाचं’ उभं असलेलं गाढव म्हणजे तातडीचा रुग्ण. ही एक गोष्ट सांगली-मिरज रस्त्यावरच्या प्रत्येक टपरीवर रंगवून ठेवावी असं मला वाटतं, आणि मग वाटतं, टपरीवाल्यानं भाकरी तरी टाकली होती.

भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसानं विझतात. मधल्या सहा-सात महिन्यांत गाढवाला काम असतं, म्हणजे खाणंही असतं. पाऊस लागला की बरीच गाढवं मोकळी सोडली जातात. मालक निर्दय असतो असं नाही. ज्याच्या स्वतःच्या चुलीला पावसाळ्यात काम नसतं तो चार गाढवांची वैरण कुठून आणणार. मग ती मंडईच्या मागं उकिरड्यावर दिसतात, पिशवीसकट भाजीचा चोथा खाताना. रात्री रस्त्याच्या मधोमध उभी असतात, कारण डांबर कोरडं आणि उबदार असतं. गाढवाच्या केसाला घोड्यासारखं पाणी झटकता येत नाही. सरी अंगात मुरतात, कातडी भिजून राहते, पाठीवर खपल्या धरतात. छप्पर ही त्याला चैन नाही, औषध आहे. आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांकडे सरकायला लागलं की काठावरच्या मोकाट गाढवांचे पायबंद आधी तोडावे लागतात. सांगलीत ४५ फुटांना धोका म्हणतात. पुढचे दोन पाय एकमेकांना बांधलेल्या जनावराला त्याच्या कितीतरी आधी पोहता येत नाही.

पायबंदाची जखम जवळून बघावी. वरून दिसतो फक्त केसांचा एक ओला, चिकट पट्टा आणि त्यावर घोंघावणाऱ्या माश्या. पट्टा कोमट पाण्यानं भिजवून केस कापले की लक्षात येतं, दोरी दिसतच नाही. कातडी तिच्यावरून दोन्ही बाजूंनी वाढलेली असते. आधी भूल, मग बोथट टोकाची कात्री दोरीच्या खाली सरकवायची, कधी कधी पेळ एकेक करून तोडायचा. ओढून काढली तर शिरा बरोबर येतात. धुवायला सलाईन लागतं. विकतचं नसलं तर लिटरभर उकळून निववलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा. ते भरपूर ओतायचं, सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजनं जोर लावून. अळ्या असल्या तर टर्पेंटाइनचा बोळा जखमेच्या तोंडाशी काही मिनिटं धरतात. हवेसाठी त्या वर येतात आणि चिमट्यानं एकेक वेचता येतात. नंतर तो भाग पुन्हा नीट धुवायचा, कारण टर्पेंटाइन मांसालाही पोळतं. आयव्हरमेक्टिन हे किड्यांवरचं औषध द्यायचं ते वजनाच्या किलोला ०.२ मिलिग्रॅम या मापानं आणि तोंडावाटे. गाईसाठीचं इंजेक्शन घोडा-गाढवाला टोचू नये, टोचल्या जागी वाईट सूज येऊ शकते. धनुर्वाताची लस त्याच दिवशी. धनुर्वात या जातीला फार सहज होतो, आणि एकदा डोळ्यातली तिसरी पापणी झपकन वर यायला लागली, चारी पाय लाकडी घोड्यासारखे ताठ झाले, की मग अंधाऱ्या कोठीत शांत ठेवून वाट बघण्यापलीकडे फार थोडं हातात उरतं.

बहुतेक वेळा जखमेवर आधीच कुणीतरी काहीतरी ओतलेलं असतं. जळकं ऑइल, फिनेल, रॉकेल, बॅटरीतली काळी भुकटी. त्यानं माश्या बसत नाहीत हे खरं. पण कडेचं नवं मांसही मरतं, आणि जखम जिथल्या तिथं राहते. गुडघ्याखालच्या जखमेत आणखी एक त्रास: मांस भरताना थांबत नाही, कातडीच्या वर फुलकोबीसारखं माजतं, आणि त्याच्यावरून कातडी चढू शकत नाही. मग पट्टी आवळून, कधी ते कापून, पुन्हा पहिल्यापासून. दर दोन-तीन दिवसांनी पट्टी बदलायची, महिनोन् महिने. या कामात शौर्य नसतं. वास असतो.

पाठीवरची कातडी म्हणजे गाढवाच्या नोकरीचा दाखलाच. मणक्यावर ओळीनं पांढरे केस असले तर तिथं जखमा होऊन भरल्यात. शेपटीच्या मुळाशी वळ असेल तर मागून दोरी आवळून भार सावरला जायचा. नाकपुड्या वरपर्यंत चिरलेल्या असतील तर श्वास मोकळा होईल म्हणून कुणीतरी पात्यानं ते केलंय. श्वास मोकळा होत नाही, धूळ मात्र जास्त जाते. गोणपाटाची गादी चार बोटं जाड हवी आणि मणक्यावर खाच हवी, म्हणजे भार दोन्ही बाजूंच्या फासळ्यांवर पडतो. एवढं एक शिवून दिलं तरी भट्टीवरच्या निम्म्या जखमा होत नाहीत. कायद्यात, म्हणजे ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत, गाढवाला ५० किलोची मर्यादा आहे, तट्टाला ७०. कच्ची वीट तीन किलोची धरली तर सोळा विटांनाच माप भरतं. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, आणि पारा ३७ अंशांवर जात असेल तर दुपारी बारा ते तीन काम नकोच. सांगलीच्या एप्रिलात हा नियम रोजच लागू व्हावा.

नियम हातात घेऊन भट्टीवर जाता येतं, पोलिसांना घेऊनही जाता येतं. पंचनामा होतो आणि गाढव ‘मुद्देमाल’ होतं. २०१७ च्या नियमांनुसार खटला चालू असताना मुद्देमाल जनावर निवाऱ्यात ठेवता येतं, खर्च मालकाकडून मागता येतो. कागदावर चोख. पण समोर वडार नाहीतर कैकाडी घरातला माणूस असतो, त्यानं जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारातून दात बघून, दुवान की चौवान, म्हणजे दोन दातांचं की चार, हे ठरवून, उसनवारी करून ते जनावर आणलेलं असतं, आणि भट्टीच्या मालकाची उचल त्याच्या डोक्यावर असते. त्याचं एक गाढव नेलं की दोन शक्यता उरतात: उरलेल्या तिघांवर चौघांचं ओझं, किंवा आणखी कर्ज काढून नवं गाढव. मरायला टेकलेलं जनावर उचलावंच लागतं, तिथं दयामाया करून चालत नाही. बाकीच्या ठिकाणी मात्र मला गादी, दोरीऐवजी रुंद सुती पट्टा, दर दोन महिन्यांनी खुरं कापून देणं आणि भट्टीवर पाण्याची टाकी हाच मार्ग जास्त कामाचा वाटतो. सांगली भागात २००३ पासून काम करणाऱ्या अ‍ॅनिमल राहत या संस्थेनं गाढवांच्या जागी ट्रॅक्टर आणायचा आणि गाढवांना निवृत्त करायचं ही वाट धरली. तीही खरी, कारण त्यात माणसाची रोजी जात नाही. तशीही गाढवं चाललीच आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात ३ लाख २० हजार होती, २०१९ मध्ये १ लाख २० हजार.

निवाऱ्यात पहिल्या दिवशी गाढव कळपात सोडायचं नाही. कितीही वाईट वाटलं तरी. ग्लँडर्स नावाचा जिवाणूचा रोग घोडा-गाढव-खेचरांना होतो, नाकातून पू, कातडीखाली गाठी, फुटणाऱ्या जखमा, आणि तो माणसालाही लागतो. रक्ताचा नमुना पशुसंवर्धन विभागामार्फत तपासणीला जातो. हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथला शब्द शेवटचा. निकाल वाईट आला तर इलाज करायचा नसतो, जनावर शांतपणे मारून पुरावं लागतं. म्हणून निकाल येईपर्यंत वेगळा वाडा, वेगळी बादली, वेगळे हातमोजे, आणि जोडीनं आलेलं असेल तर जोडी एकत्र. इथं ‘एकटं ठेवा’ याचा अर्थ ‘दोघांना मिळून एकटं ठेवा’ असा घ्यायचा. आलेलं जनावर हाडाचा सापळा असेल तर माणसाचा जीव त्याला भरडा घालायला धावतो. घालू नये. उपाशी पोटाला एकदम धान्य पडलं की रक्तातले क्षार कोसळतात, खुरं सुजतात. चांगला कोरडा कडबा, थोडा थोडा, दिवसातून सहा-सात वेळा, आणि पूर्ण आहारावर यायला आठ-दहा दिवस. सव्वाशे किलोच्या गाढवाला दिवसाला दोन-अडीच किलो कोरडा चारा पुरतो. फुकट मिळतात म्हणून नुसती उसाची वाढी टाकू नयेत, त्यातलं ऑक्झलेट हाडांचं कॅल्शियम अडवून धरतं. कोवळी ज्वारी तर नाहीच. किराळ, म्हणजे त्या कोवळ्या ज्वारीची विषबाधा, हा शब्द इकडच्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. पाणी स्वच्छ हवं. गाढव उकिरड्यावर खाईल पण गढूळ पाण्याला तोंड लावणार नाही. आणि पितं किती! दहा लिटर सहज, उन्हाळ्यात वीस. नाथांची कावड त्याला घोटभर झाली असेल.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण निवाऱ्यात रोज अक्षरशः घडते. खुरं महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. चालणाऱ्याची झिजतात, बांधलेल्याची वाढत जातात आणि शेवटी मोजडीच्या टोकासारखी वर वळतात. मग जनावर टाचेवर चालायला लागतं, मागचे स्नायू ताणले जातात, गुडघे बिघडतात. असं खूर पाहिलं की एका बैठकीत सरळ करायची खुमखुमी येते. नवशिका नालबंद तेच करतो आणि दुसऱ्या दिवशी गाढव उठत नाही. आतलं हाडही त्या वळणाबरोबर सरकलेलं असतं. शक्य असेल तर आधी एक्स-रे, मग थोडं कापायचं, चार-सहा आठवड्यांनी पुन्हा थोडं. टोकापर्यंत नवं खूर यायला वर्ष जातं, तेवढा धीर धरायचा. पाय उचलताना घोड्यासारखा उंच, बाजूला ओढायचा नाही. म्हाताऱ्या सांध्यांना ते सोसत नाही. जमिनीपासून वीतभर, पोटाखाली सरळ. जोडीदार नाकासमोर उभा करायचा. आकडीनं टाचेकडून पुढे माती कोरायची, मधल्या मऊ त्रिकोणाला न टोचता. त्या मातीचा वास आला, काळी चिकट घाण निघाली, तर कुजणं सुरू झालंय. वाकड्या सुरीनं तळवा हलका खरवडायचा, जांबुरानं कडा तोडायची, कानशीनं सारखी करायची. घोड्याच्या मापानं तिरकं घासून चालत नाही, गाढवाचं खूर मुळातच उभट असतं. आणि खरवडताना कुठं काळा ठिपका दिसला, तिथं दाबल्यावर पाय झटकला, तर सुरीचं टोक सावकाश आत घालायचं. कधी तरी फस्सकन राखाडी पातळ पू बाहेर येतो, दुर्गंधीनं डोळे चुरचुरतात, आणि महिनाभर तीन पायांवर असलेलं गाढव संध्याकाळपर्यंत चौथा टेकवतं. मग कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवायचा, औषधाचा बोळा ठेवायचा आणि वरून लहान मुलांचं डायपर गुंडाळून चिकटपट्टी मारायची. डायपरइतकं अचूक बसणारं दुसरं काही अजून सापडलेलं नाही. मेडिकलवाला विचारतो, बाळ केवढं आहे?

घोड्यांचं दुःख निराळं, जास्त बोलकं. पाचगणीच्या टेबललँडवर नि महाबळेश्वरात वेण्णा तलावाशी पर्यटक बसवणारी घोडी पावसात रिकामी होतात, आणि तीन-तीन महिने पायातली नाल तशीच राहते. नाल सहा आठवड्यांनी काढून, खूर कापून पुन्हा ठोकायची असते. नाही तर खूर नालेवरून वाढतं, खिळे ढिले होतात आणि एखादा खिळा भलतीकडे घुसतो. वरातीच्या घोड्याच्या तोंडात काटेरी लगाम सापडतो, जो १९६५ च्याच नियमांनी बंद आहे. जिभेवर आणि हिरड्यांवर त्याचे जुने वण चाचपून कळतात. आणि पोटशूळ. घोड्याला ओकता येत नाही, जठर फुगलं तर ते फुटू शकतं, म्हणून डॉक्टर आधी नाकातून नळी टाकून पोटातला दाब सोडतात. त्याआधीच कुणी बांबूच्या नळकांड्यानं जबरदस्तीनं गोडं तेल ओतलेलं असेल, तर ते अर्धं फुप्फुसात गेलेलं असतं. पोट सुटतं आणि आठवड्यानं न्यूमोनियानं जनावर जातं. घोड्यांत मला सगळ्यात सुखी दिसली ती फलटण-माणकडून कोकणात उतरणाऱ्या धनगरांची तट्टं. पाठीवर भांडी, कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी लहान पोर. ओझं कमी नसतं, पण मेंढराच्या चालीनं चालायचं असतं आणि घरातली माणसं बरोबर पायी असतात. पाठ सोलली तर दुसऱ्या दिवशी ओझं त्या बाजूनं बांधत नाहीत.

बरं झालेलं गाढव कुठं जाणार, हा प्रश्न उपचारापेक्षा अवघड. चांगलं खाणं मिळालं तर ते तीस वर्षं जगतं. मागणारे येतात. कुणाला पोरांना बसवायला हवं असतं, कुणाला दुधाचा धंदा सुचलेला असतो, कुणी रिसॉर्टच्या दारात शोभेला मागतं, कुणी सरळ विचारतं, “फुकट आहे ना? मग एक द्या.” एक देत नाहीत, जोडीच देतात. ही अट ऐकून निम्मे लोक परत जातात आणि ते बरं होतं. उरलेल्यांच्या जागेवर जाऊन बघायचं: तारेचं कुंपण काटेरी नको, छपराखाली दोघांना आडवं होता येईल एवढी कोरडी जागा हवी, कुंपणाला कण्हेर लावलेली नको. कण्हेर शोभेची म्हणून सगळीकडे असते आणि तिची मूठभर पानं घोड्याला पुरतात. मग गोठ्यात डोकवायचं. सांगली-साताऱ्याकडे घरटी म्हशी-गाई, म्हणजे पशुखाद्याची पोती असणारच. काही पशुखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला ते मानवतं, घोडा-गाढवाचं हृदय ते बंद पाडतं. ‘सगळ्यांना एकच पाटी टाकतो’ म्हणणाऱ्या भल्या माणसाच्या हातून दोन गाढवं एका रात्रीत जाऊ शकतात. धर्माच्या गाईचे दात बघू नयेत म्हणतात. धर्माच्या गाढवाचे मात्र बघावेतच, दाढेची धार गालात रुतत असेल तर ते कडब्याचे चघळलेले गोळे तोंडातून टाकत राहतं आणि नवा मालक समजतो, चोखंदळ आहे. नर असेल तर खच्चीकरण करूनच द्यायचा. गाढवाच्या त्या रक्तवाहिन्या जाड असतात, बांधल्याशिवाय कापायच्या नाहीत, आणि नंतरही सहा आठवडे मादीपासून लांब ठेवायचा. लेखी करार: विकायचं नाही, ओझं घालायचं नाही, जमलं नाही तर आम्हालाच परत. वर्षातून दोनदा न सांगता भेट. पहिल्या भेटीत गाढव नाही, गव्हाण बघायची.

जोडीतलं एक गेलं तर मेलेल्याचा देह लगेच हलवायचा नाही. दुसऱ्याला तो हुंगू द्यायचा, ढोसू द्यायचा, तासभर, कधी अर्धा दिवस. मग ते आपणहून बाजूला होतं आणि बहुतेक वेळा खायला लागतं. न दाखवता नेला तर ते दिवसेंदिवस हाक मारत फिरतं, किंवा हाकही मारत नाही. त्या वळणावरच्या गाढविणीला एवढंही मिळालं नव्हतं. तिच्या लेखी टेम्पो वळला आणि जग संपलं.

पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर पुन्हा टेम्पो गेला. खांद्यावर गळू झालेलं एक म्हातारं गाढव होतं, डोळ्यानंही अधू. फळीवर पाय ठेवेना. कुणी दोरी ओढली नाही, कुणी मागून ढकललं नाही, कान पिळला नाही. फळीवर काथ्याचं पोतं अंथरलं, टेम्पोत कडबा पसरला आणि बिडी ओढत सगळे बसून राहिले. मग पोरांनी त्याच्या शेजारचं तरणं गाढव सोडून आणलं. ते फळी हुंगून वर गेलं, कडब्यात तोंड घातलं. म्हाताऱ्यानं कान त्या कुरकुरीकडे वळवले. पाच मिनिटं. दहा. पुढचा एक पाय पोत्यावर, मग दुसरा, मग धडधडत वर. टपरीवाला लांबून बघत होता, जवळ आला.

“ह्ये दुसरं कशाला? त्येला काय झालंय?”

“काय न्हाई,” पोरगा म्हणाला, आणि त्यानं फाळका वर करून कडी घातली.